दुसऱ्या वाटेने परतलेले

(टिळकवाडी, बेळगाव येथील व्याख्यानमालेत जानेवारी महिन्यात दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



नाताळच्या रात्री बेळगावच्या कॅम्पात फिरायला निघालेल्या माणसांत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे मोजायला बसलो, तर इतरच जास्त भरतील. कागदी चांदण्या, गव्हाणीचे देखावे, केक हे सगळे आता साऱ्या गावाचे झाले आहे आणि ते झाले हे उत्तमच. मात्र 6 जानेवारी येईपर्यंत बहुतेक चांदण्या उतरवून माळ्यावर गेलेल्या असतात आणि बाजारात तिळगुळाचे ढीग लागलेले असतात. ज्या ताऱ्यासाठी त्या चांदण्या टांगल्या, त्याचा खरा सण हा 6 जानेवारीचा. इंग्रजीत त्याला एपिफनी म्हणतात, मराठी उपासनेत प्रकटीकरणाचा सण, आणि आमच्या गोव्याकडच्या पाहुण्यांच्या तोंडी तीन रायांचें फेस्त. भारतातले लॅटिन परंपरेचे कॅथलिक चर्च आता तो 2 ते 8 जानेवारीच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी साजरा करते, म्हणजे नोकरदारांची सोय झाली. पण जुन्या गावांनी तारीख सोडलेली नाही.

हा सण नाताळपेक्षा जुना असावा असे मानायला जागा आहे. इसवी सन 200च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट लिहून गेला आहे की, बॅसिलिडीसच्या पंथाचे लोक येशूच्या बाप्तिस्म्याचा दिवस पाळतात आणि आदली रात्र वाचनात जागून काढतात. 25 डिसेंबरच्या जन्मोत्सवाचा भक्कम पुरावा रोममध्ये मिळतो तो चौथ्या शतकातला. आर्मेनियन चर्च तर आजही जन्म आणि बाप्तिस्मा दोन्ही 6 जानेवारीलाच साजरे करते. पूर्वेकडच्या चर्चमध्ये या दिवसाचा मुख्य प्रसंग यार्देन नदीतल्या बाप्तिस्म्याचा. रोमच्या परंपरेत पूर्वेकडून ताऱ्यामागे आलेल्या मागी लोकांचा. आणि दोन्हीकडच्या जुन्या स्तोत्रांत तिसरा एक प्रसंग हळूच येऊन बसतो, तो म्हणजे गालीलातल्या काना गावचे लग्न, जिथे पाण्याचा द्राक्षारस झाला.

तान्हे बाळ, नदीत उतरलेला तिशीतला माणूस आणि लग्नघरचे पाण्याचे रांजण यांची मोट एकाच सणात कशी बांधली गेली? धर्मशास्त्रज्ञांचे उत्तर असे की, येशू कोण आहे हे या तीन ठिकाणी उघड झाले. उत्तर बरोबर आहे, पण ते मला अर्धे वाटते. तिन्ही कथा नीट वाचा. प्रत्येक ठिकाणी ज्याला दिसायला हवे होते त्याला दिसत नाही. कानाच्या लग्नात भोजनकारभारी द्राक्षारस चाखतो, वाखाणतो, पण तो आला कुठून याचा त्याला पत्ता नाही. पाणी भरणाऱ्या नोकरांना मात्र ठाऊक आहे. योहानाच्या शुभवर्तमानाने हे मुद्दाम नोंदवले आहे. यार्देनकाठी बाप्तिस्मा देणारा योहान स्वतःच कबूल करतो की आपण त्याला ओळखत नव्हतो. आणि मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट तर या विसंगतीवरच उभी आहे.

ती गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण नाताळच्या देखाव्यांनी तिच्यावर बरीच पुटे चढवली आहेत. पूर्वेकडून काही मागी लोक यरुशलेमेला येतात. किती, ते मत्तय सांगत नाही. भेटी तीन म्हणून माणसे तीन झाली, आणि सिरियातल्या काही परंपरांत ती बारा आहेत. ते राजे होते असेही मत्तय म्हणत नाही. 72वे स्तोत्र आणि यशयाचा 60वा अध्याय यांत राजे भेटी घेऊन येतात, तिथून त्यांच्या डोक्यावर मुकुट आले. गास्पार, मेल्कियोर, बाल्थाझार ही नावे त्याहून पुष्कळ नंतरची. मागी म्हणजे आकाश वाचणारे, आजच्या शब्दांत सांगायचे तर खगोल आणि ज्योतिष यांची सरमिसळ करणारे पंडित. यहुदी धर्मशास्त्राला ज्योतिष वर्ज्य. म्हणजे धर्माने निषिद्ध ठरवलेली विद्या घेऊन, धर्माबाहेरची माणसे, धर्माच्या राजधानीत येतात आणि विचारतात की तुमचा नवा राजा जन्मला तो कुठे?

राजा हेरोद शास्त्र्यांना बोलावतो. शास्त्री क्षणाचाही विलंब न लावता मीखा संदेष्ट्याचे वचन काढून दाखवतात आणि बेथलेहेम हे गाव सांगतात. पत्ता अचूक. यरुशलेमेपासून बेथलेहेम अवघे आठ-नऊ किलोमीटर, आपल्याकडे टिळकवाडीतून काकतीला जायचे तेवढेच. पण त्या शास्त्र्यांपैकी एकही जण जागचा हलत नाही. मागींकडे तारा होता, ग्रंथ नव्हता. शास्त्र्यांकडे ग्रंथ होता, निघण्याची निकड नव्हती. ताऱ्याने मागींना यरुशलेमेपर्यंत आणले. पुढचे गाव त्यांना ग्रंथातूनच कळले. म्हणून ही गोष्ट बाहेरच्यांची जितकी बाजू घेते तितकीच आतल्यांची ठेवही मानते. मत्तयाचे शुभवर्तमान चौघांतले सर्वात यहुदी वळणाचे, आणि त्यातच बाळापुढे पहिल्यांदा लोटांगण घालणारे परदेशी आहेत, हे लिहिणाऱ्याने पुरते समजून केले आहे.

तारा कोणता, यावर मी वेळ घालवणार नाही. केप्लरने गुरू-शनीच्या युतीचे गणित मांडून पाहिले, पुढे अनेकांनी पाहिले. डिसेंबर 2020 मध्ये ती युती आपणही गच्चीवरून पाहिली. गणित मनोरंजक आहे, पण मत्तयाचा तारा एका घरावर येऊन थांबतो आणि गुरू-शनी असे कुणाच्या घरावर थांबत नाहीत.

मला थांबायचे आहे ते गोष्टीच्या शेवटापाशी. मागी सोने, ऊद आणि गंधरस ठेवतात, आणि स्वप्नात इशारा मिळाल्यावर परत येऊन खबर द्या असे सांगणाऱ्या हेरोदाकडे न जाता दुसऱ्या वाटेने आपल्या देशाला निघून जातात. बस्स. ते यहुदी झाले का, पुढे ख्रिस्ती झाले का, मत्तय एक अक्षर बोलत नाही. पंढरीला गेलेला वारकरी पंढरीत बिऱ्हाड करत नाही, दर्शन घेऊन आपल्या शेताकडे वळतो, तसेच हे. फरक एवढाच की यांची परतीची वाट राजाज्ञा मोडणारी होती. पुढच्या शतकांतल्या चर्चला हा शेवट अपुरा वाटला असणार, कारण दंतकथांनी लगेच मागींना बाप्तिस्मा देऊन टाकला, त्यांची हाडेसुद्धा शोधून काढली. ती 1164 साली मिलानहून कोलोनला नेली आणि तिथल्या कॅथीड्रलमध्ये सोन्याच्या पेटीत आजही आहेत. परत गेलेल्या माणसांना परत जाऊ द्यायला धर्मसंस्था सहसा तयार नसते. माझीही नाही, मी तिच्यातच वाढलो, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे असे समजतो.

आणि एक काळी बाजू. मागींनी भाबडेपणाने राजवाड्यात चौकशी केली, तिची किंमत बेथलेहेमच्या आयांनी भरली. हेरोदाने तिथली दोन वर्षांच्या आतली मुले मारली. मरिया-योसेफ बाळाला घेऊन रातोरात मिसरात पळाले. ख्रिस्ती पंचांगात या मुलांचा दिवस 28 डिसेंबरला येतो, म्हणजे गोष्टीत नंतर घडलेले आधी पाळले जाते आणि सणाच्या दिवशी ते विसरायला सोपे जाते. मला हा क्रम कधीच रुचला नाही.

आता आपल्या मुलखाकडे येतो. केरळात सिरियन परंपरेचे ख्रिस्ती हा सण 'दनहा' म्हणून पाळतात. इरिंजालकुडासारख्या गावी केळीचे खुंट घरापुढे रोवून त्यांवर दिवे लावतात. तिथे मागी जवळजवळ नाहीतच, आहे तो प्रकाश आणि पाणी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र पोर्तुगीजांबरोबर राजे आले.

पणजीसमोर मांडवीच्या पलीकडच्या काठी रेइस मागूस आहे. किल्ला 1551चा, त्याच्या पायथ्याचे चर्च 1555चे, फ्रान्सिस्कनांनी बांधलेले आणि तीन राजांनाच वाहिलेले. चर्चच्या दर्शनी भिंतीवर पोर्तुगालची राजचिन्हे आणि मुकुट आहे. लिस्बनहून आलेले व्हाइसरॉय आधी इथल्या मठात उतरत. दोन वेळा व्हाइसरॉय झालेला दों लुईश द अताईद इथेच पुरला गेला. तेव्हाच्या सत्तेच्या मनात या सणाचा अर्थ काय असेल हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. पूर्वेकडच्या राजांनी यावे, भेटी ठेवाव्यात, गुडघे टेकावेत. गुडघे कुणापुढे, तर बाळापुढे, आणि बाळाच्या मागे भिंतीवर आमची राजचिन्हे. पुढे 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन आले आणि मधल्या खंडासह 1812 पर्यंत राहिले. बाहेरच्यांनी स्वतःहून यावे असे सांगणारी कथा, बाहेरच्यांना आत ओढणाऱ्या यंत्रणेच्या हाती लागली, हे ख्रिस्ती माणसाने मोकळेपणाने मान्य करायला हवे. इथे बसलेल्या कुणाला तसे म्हणण्याची पाळी येऊ नये, म्हणून मीच म्हणून टाकतो.

पण गोव्याच्या साष्टी भागातल्या गावांनी या सणाचे पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. चांदर, कावोरी आणि गिर्दोली ही तीन गावे चांदरच्या चर्चमध्ये हे फेस्त करतात. कांसावली, आरोशी आणि कुएली ही तीन गावे रेमेदिस सायबिणीच्या टेकडीवर करतात. प्रत्येक गावचा एक मुलगा राजा होतो. अंगावर झगा, डोक्यावर मुकुट, कांसावलीकडे तर खाली घोडा. तिथे तीन राजे तीन वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि टेकडीवर भेटतात. मग मिस्सा होते, लोक जमतात, आणि मुले पुन्हा आपापल्या गावी उतरतात. घरचा मुलगा राजा होणे हा त्या घराचा मोठा मान.

पोर्तुगीज चित्रकाराने पूर्वेकडचा राजा दूरदेशीचा, चमत्कारिक पोशाखाचा रंगवला. विझेऊच्या वेदीवरच्या, सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या एका चित्रात तर ब्राझीलचा आदिवासीच मागी म्हणून उभा केला आहे. साष्टीतल्या माणसाने त्या गोष्टीत स्वतःला शोधले तेव्हा त्याला कळले की पूर्वेकडचा तो आपणच. तेव्हा मुकुट आपल्या पोराच्या डोक्यावर ठेवायला कुणाची परवानगी कशाला? चर्चच्या भिंतीवरचा मुकुट लिस्बनचा राहिला, घोड्यावरचा कुएलीचा झाला. पोर्तुगालचा राजा कधीच गेला, 1961 साली पोर्तुगालही गेला. या पोरांची राजवट दर जानेवारीला सुरू आहे. हा माझा अर्थ आहे. गावातल्या माणसाला विचारलेत तर तो म्हणेल, वाडवडील करत आले म्हणून आम्ही करतो. त्याचेही बरोबर आहे.

  

याच साष्टीत, रायतूरला, फादर थॉमस स्टीफन्स राहत होता. इंग्लंडमध्ये 1549 साली जन्मला, 1579 साली गोव्यात उतरला, आणि 1616 साली त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचा जन्म आणि पुढचे चरित्र. त्याच्या हयातीतली छापील प्रत आज एकही हाती नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून आणि चर्चमध्ये वाचून दाखवणाऱ्यांच्या तोंडून. स्टीफन्स सत्तेच्या बाजूचाच माणूस होता, त्याला मी त्यातून सोडवत नाही. पण आलेल्या परक्याने इथे काय भेट ठेवली असे विचाराल तर उत्तर आहे मराठी ओवी. पश्चिमेकडून आलेल्या पंडिताने पुराणाची बैठक घेतली आणि एकनाथांच्या काळातल्या श्रोत्याला ओळखीच्या वाटणाऱ्या घाटात सुवार्ता सांगितली. मागींची दिशा इथे उलटी झालेली दिसते.

आता इथूनच ख्रिस्ताकडे गेलेले टिळक. टिळकवाडीत उभे राहून हे नाव घेतले की कुणाची आठवण होणार हे मला माहीत आहे, आणि एप्रिल 1916 मध्ये होमरूल लीग ज्या बेळगावात जन्मली त्या गावाने तीच आठवण काढावी. मी बोलतोय ते दुसरे टिळक, रेव्हरंड नारायण वामन. तेही रत्नागिरी जिल्ह्यातले, लोकमान्यांहून पाच वर्षांनी धाकटे. 1893 साली नागपूरकडून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांनी तो चाळला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर, ज्ञानोदय नियतकालिक, कीर्तने, आजही आमच्या उपासनेत गायिली जाणारी पदे, हे तुम्ही जाणता.

पण टिळकांच्या तारादर्शनाची किंमत कुणी भरली? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याला कळले, बायकोचा संसार उधळला. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंच्या आठवणींचे पुस्तक स्मृतिचित्रे वाचताना आपण खळखळून हसतो, आणि पान उलटल्यावर लक्षात येते की कशावर हसलो. बेथलेहेमच्या आयांची आठवण मला या ठिकाणी होते. प्रमाण वेगळे, जात तीच. एकाला साक्षात्कार होतो आणि ज्यांना काहीच दिसलेले नाही ते त्याचा भार वाहतात. लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की त्या टिळकांच्या ताऱ्यामागे गेल्या नाहीत. त्यांनी स्वतः विचार केला. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांच्या मनाने आधी घेतले, कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे त्यांनी ठरवले, आणि मग 1900 साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी अर्धवट सोडलेले ख्रिस्तायन हे काव्य पुढे त्यांनीच पुरे केले. पाण्याचे रांजण भरणाऱ्यांना आधी कळते, हे कानाचे सूत्र इथेही लागू पडते.

टिळकांच्या आयुष्यातला माझ्या विषयाला सर्वात जवळचा भाग शेवटच्या दोन वर्षांतला. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला देवाचा दरबार मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मिशनच्या मंडळींना ते पचणे कठीण होते. माणूस एक तर आत असतो किंवा बाहेर, त्याशिवाय नोंदवही कशी ठेवायची? टिळकांचे म्हणणे असे की, ख्रिस्तापुढे आलेल्याला आपल्या घरच्या वाटेने परतू द्या. त्याचे घर बदलले तर ते तो बदलेल. ते स्वतः तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि तो पूल आपल्यामागे पाडून टाकायला त्यांनी नकार दिला. 9 मे 1919 रोजी ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. एकट्या माणसाच्या तेजावर उभी राहिलेली कामे अशीच संपतात. मात्र मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट मराठीत कुणी खऱ्या अर्थाने अमलात आणून पाहिला असेल तर तो साताऱ्याच्या त्या दरबारात, असे माझे मत आहे.

आणि ज्याने तो दरबार न पाहताच तसे जगून दाखवले, तो माणूस तर तुमच्या शेजारी येऊन गेला. 26 आणि 27 डिसेंबर 1924 ला काँग्रेसचे अधिवेशन इथेच भरले. इथली काँग्रेस विहीर त्याचीच. गांधीजी काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसले ते त्या एकाच अधिवेशनात. डोंगरावरचे प्रवचन थेट हृदयाला भिडल्याचे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. बाप्तिस्म्याचा आग्रह धरणाऱ्या मित्रांना त्यांनी आदराने नकार दिला आणि हिंदू म्हणून जगले. हेरोदाकडे जाऊन खबर देणे त्यांनीही नाकारले, हे वेगळे सांगायला नको. गांधींना आम्ही ख्रिस्ती लोक आमच्यात मोजायला जातो तेव्हा कोलोनच्या पेटीतलाच प्रकार करतो.

सीमाभागातल्या आपणा सगळ्यांना 'तुम्ही नक्की कुणाचे?' हा प्रश्न नवा नाही. निपाणीहून आज इथे आलेल्या मंडळींना तर तो दोन्ही बाजूंनी विचारला जातो. मागींच्या वाट्यालाही तोच प्रश्न आला. मत्तय त्यांच्याबद्दल फक्त 'पूर्वेकडून' एवढेच सांगतो आणि देशाचे नाव गाळतो. इराणी म्हणाले ते इराणचे, अरब म्हणाले ते अरबस्तानचे. काही विद्वानांनी गास्पार हे नाव तक्षशिलेच्या गोंडोफरस राजाशी जोडले, म्हणजे आपणही दावा सांगितलाच.

हे सगळे ऐकून कुणाला गोव्यातला तो तीन राजांचा सण प्रत्यक्ष पाहावासा वाटला, तर व्यवस्था सोपी आहे. बेळगावहून लोंढ्याला जायचे आणि तिथून कॅसलरॉकचा घाट उतरून वास्कोकडे जाणारी गाडी पकडायची. चांदर आणि कांसावली ही दोन्ही स्टेशने याच मार्गावर आहेत, आधी चांदर, मडगावच्या पुढे कांसावली. प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून ठेवा. आणि कांसावलीला गेलात तर सकाळी लवकर टेकडीवर पोचा, म्हणजे तिन्ही वाटा एकदम दिसतात.